मराठी मजकुराची मांडणी : एचटीएमएलच्या पायाभूत टॅगांची ओळख

संकेतस्थळावर मराठी मजकूर नीट मांडण्यासाठी लागणाऱ्या खुणा थोड्या आहेत. परिच्छेद, मथळा, यादी, उद्धरण, दुवा आणि शब्दावरचा भर एवढ्या गोष्टी सांगता आल्या की लेख, अहवाल, सूचना, कविता, ग्रंथसूची यांपैकी बहुतेक लेखनप्रकारांचे काम भागते. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल, म्हणजे हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, असे म्हणतात आणि तिच्यातील प्रत्येक खुणेला टॅग म्हणतात. तिला भाषा म्हटले जात असले तरी तिच्यात गणित नाही आणि अटही नाही. लिहिलेल्या मजकुराचा कोणता भाग काय आहे एवढेच ती ब्राउझरला, म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर संकेतस्थळाचे पान उघडून दाखवणाऱ्या प्रणालीला, सांगते. त्यामुळे तिचा अभ्यास संगणकशास्त्राइतकाच संपादनाचाही विषय ठरतो, आणि प्रस्तुत पुस्तकात तो मुख्यतः संपादनाच्या बाजूने मांडलेला आहे.

पुण्यात कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या आधाराने वाढलेल्या कोथरूडमध्ये संगणकावर उपजीविका करणारी माणसे पुष्कळ आहेत. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे जाणाऱ्यांपैकी अनेकांची घरे याच भागात आहेत, येथील एमआयटी संस्थेत १९८३ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालू आहे, आणि लगतच्या कर्वेनगरात मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून उभे आहे. परंतु या तज्ज्ञ मंडळींचा टॅगांशी येणारा संबंध बहुतांशी इंग्रजी मजकुरापुरता असतो. मराठी मजकूर ज्यांच्या हातून संकेतस्थळावर जातो ती माणसे वेगळी असतात : वाचनालयाची सूची करणारे ग्रंथपाल, गणेशोत्सव मंडळाचा अहवाल लिहिणारे कार्यवाह, गृहरचना संस्थेचे सचिव, दिवाळी अंकाचे संपादक, शाळेचे वार्षिक संकलित करणारे निवृत्त शिक्षक. त्यांचे मराठी चांगले असते, शुद्धलेखनाविषयी ती दक्ष असतात, एखाद्या अनुस्वारासाठी मुद्रित चार वेळा तपासतात; मात्र मजकूर चढवण्याच्या चौकटीतील ‘ठळक’ किंवा ‘मथळा’ हे बटण दाबल्यावर मागे कोणती खूण उमटते आणि ती चुकली तर कोणाचे काय बिघडते, हे त्यांना बहुधा कोणी समजावून दिलेले नसते. हे पुस्तक प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या खुणा आणि मजकूर काय आहे हे सांगणाऱ्या खुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीने पहिल्या प्रकारावर विसंबून राहण्याची किंमत एकदा मोजलेली असल्यामुळे मराठी लेखकाने दुसऱ्या प्रकाराची सवय लावून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

टॅगाची घडण सोपी आहे. गणितात ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठे’ यांसाठी वापरली जाणारी दोन टोकदार चिन्हे कंसासारखी मांडून त्यांच्यामध्ये टॅगाचे नाव रोमन लिपीत लिहायचे. ज्या शब्दांना टॅग लागू करायचा त्यांच्या आधी सुरुवातीचा टॅग व त्यांच्यानंतर समाप्तीचा टॅग द्यायचा, आणि समाप्तीच्या टॅगात नावाआधी एक तिरपी रेघ घालायची, एवढाच तिचा नियम आहे. परिच्छेदासाठी ‘पी’, मथळ्यांच्या सहा पातळ्यांसाठी ‘एच-१’ ते ‘एच-६’, बिनक्रमांकाच्या यादीसाठी ‘यूएल’, क्रमांकित यादीसाठी ‘ओएल’, दोन्ही याद्यांतील प्रत्येक नोंदीसाठी ‘एलआय’, उद्धरणासाठी ‘ब्लॉककोट’, दुव्यासाठी ‘ए’, महत्त्वाच्या शब्दांसाठी ‘स्ट्राँग’, बोलताना जेथे आवाज चढेल त्या शब्दांसाठी ‘ईएम’ आणि ओळ तोडण्यासाठी ‘बीआर’ असे टॅग आहेत. यांपैकी ‘बीआर’ कोणत्याही शब्दांना वेढत नसल्यामुळे त्याला समाप्तीचा टॅग नसतो. एका टॅगाच्या पोटात दुसरा टॅग घालता येतो, मात्र जो नंतर उघडला तो आधी मिटवावा लागतो. समाप्तीचा टॅग राहून गेला तर ब्राउझर पान नाकारत नाही, तो अंदाजाने वाचतो. ‘स्ट्राँग’ मिटवायचा राहिला तर तिथून पुढचा सगळा लेख ठळक होऊन बसतो. पूर्वी प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा असे. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाण ठरली तेव्हा चुकीचे लेखन कसे वाचावे याचेही नियम तिच्यात घातले गेले, त्यामुळे आता निदान सगळे ब्राउझर एकाच प्रकारे वाचतात.

मराठी लिहिणाऱ्याला येथेच पहिली प्रत्यक्ष अडचण येते. भारतीय भाषांसाठी प्रमाण मानल्या गेलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ती दोन टोकदार चिन्हे नाहीत; इंग्रजीत ज्या कळांवर ती असतात त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की ‘ष’ आणि दंड उमटतात, त्यामुळे प्रत्येक टॅगासाठी कळफलक इंग्रजीत न्यावा लागतो आणि पुन्हा मराठीत आणावा लागतो. लिहितानाच टॅग घालत जाणाऱ्याचा त्यात फार वेळ जातो व लेखनाचा ओघही तुटतो. म्हणून आधी सगळा मजकूर मराठीत लिहून पुरा करावा आणि टॅग दुसऱ्या फेरीत घालावेत, ही पद्धत या पुस्तकात सुचवली आहे. तिचा लाभ कळा वाचवण्यापुरता नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्यापाशी थांबून ‘हा मथळा आहे, की नुसते ठळक वाक्य?’, ‘हे उद्धरण आहे, की लेखकाचेच म्हणणे?’ असे विचारावे लागते, आणि चांगल्या संपादकाचे निम्मे काम या प्रश्नांत असते.

मजकुरात मजकुराविषयीच्या खुणा लिहिण्याची पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात कोणती ओळ ठळक टाइपात हवी, कोणता परिच्छेद आत घ्यायचा, मथळा किती पॉइंटांचा हवा हे लिहून देई, आणि खिळे जुळवणारा जुळारी त्या सूचना वाचून पान उभे करी. सूचना पानावर छापल्या जात नसत, परंतु पानाचे रूप त्यांच्यावरच अवलंबून असे. त्याहूनही मागे गेले तर मराठी वाक्यातील स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हेसुद्धा अर्थ स्पष्ट करण्यासाठी बाहेरून आणलेल्या खुणाच होत. पुण्यात शिक्षण आणि भाषांतराचे काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीत रूढ करण्याचा पाया घातला. दंडाखेरीज चिन्ह नसलेल्या गद्याला ती चिन्हे किती लवकर आपली वाटू लागली, हे पुढच्या दोन पिढ्यांच्या मराठी निबंधावरून दिसते. परकीय मूळ असूनही ती टिकली, कारण मराठी वाक्याच्या रचनेशी त्यांचा मेळ घालण्याचे कष्ट कोणीतरी घेतले. एचटीएमएलच्या टॅगांच्या बाबतीत ते कष्ट अजून पुरते घेतले गेलेले नाहीत.

संगणकावरील खुणांचा इतिहास येथे थोडक्यात देणे पुरेसे आहे. आयबीएम कंपनीत १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे दोन सहकारी यांनी कायदेविषयक दस्तऐवज हाताळण्यासाठी खुणांची एक पद्धत तयार केली. तिच्यातूनच विकसित झालेली एसजीएमएल ही पद्धत १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. दस्तऐवजात ‘हे शीर्षक आहे’, ‘ही तळटीप आहे’ एवढेच लिहावे आणि त्यांचे दृश्य रूप अन्यत्र ठरवावे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांची योजना मांडली आणि १९९१ मध्ये ती प्रत्यक्ष जगापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी याच वळणाचे थोडे टॅग घेतले. त्या पहिल्या यादीत मथळ्यांच्या पातळ्या होत्या, परिच्छेद होता, याद्या होत्या, दुवा होता. आज ज्यांची बटणे प्रत्येक चौकटीत सर्वांत पुढे असतात ते ठळक आणि तिरपे हे टॅग मात्र तिच्यात नव्हते. शास्त्रज्ञांना एकमेकांचे निबंध वाचायचे होते आणि कोणाच्या पडद्यावर ते कसे दिसतील याला दुय्यम स्थान होते. दिसण्याचा आग्रह नंतर आला, आणि तो आला तेव्हाच मराठीही संकेतस्थळांवर येऊ लागली.

मराठीच्या दृष्टीने हा काळ सविस्तर पाहण्यासारखा आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्याआधीच, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीतून येऊन वाढत होते, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की नावाची संकेतावली प्रमाण म्हणून स्वीकारली होती. संकेतावली म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी दिलेल्या क्रमांकांची मान्य यादी. असे असूनही ब्राउझरांना ही संकेतावली वाचता येत नव्हती. यावर तोडगा म्हणून अशी युक्ती रूढ झाली की, संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरे साठवायची आणि ज्या फॉन्टमध्ये त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रेखाटलेले आहेत तो फॉन्ट ‘फॉन्ट’ नावाच्याच टॅगाने पानावर लावायचा. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट असेल तर मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसे. प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक प्रकाशकाचा फॉन्ट वेगळा असल्यामुळे वाचकाने एकेका संकेतस्थळासाठी एकेक फॉन्ट उतरवून घ्यावा अशी अपेक्षा असे.

येथे नोंदवण्यासारखी गोष्ट अशी की, ‘फॉन्ट’ हा टॅग एचटीएमएलच्या ३.२ या आवृत्तीत जानेवारी १९९७ मध्ये प्रमाण म्हणून समाविष्ट झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत त्याच्यापुढे ‘टाळावा’ असा शेरा पडला. दिसण्याचे काम सीएसएस या वेगळ्या पद्धतीकडे सोपवायचे असे ठरले होते आणि तिची पहिली आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरातच प्रसिद्ध झाली होती. म्हणजे जगाने जो टॅग वर्षाच्या आत त्याज्य ठरवला त्याच्या आधारावर मराठी मजकूर पुढे कित्येक वर्षे उभा होता. त्यात मराठी लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. परंतु परिणाम व्हायचे ते झाले. त्या पानांवर मराठी फक्त दिसत होती, साठवलेली नव्हती. शोधयंत्रावर मराठी शब्द शोधला तर ती पाने सापडत नसत, एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे उतरवला तर त्याची अक्षरे बदलत, आणि ज्या फॉन्टवर ते लेखन विसंबून होते तो वापरातून गेला की लेखनही त्याच्याबरोबर जाई. त्या दशकात संकेतस्थळांवर आलेले कितीतरी मराठी लेखन आज उघडले तरी वाचता येत नाही, ही हानी मराठी ग्रंथव्यवहाराने अजून मोजलेलीही नाही.

यातून सुटका युनिकोडमुळे झाली. जगातील लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या या संकेतावलीच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. मात्र ती सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर दिसू लागली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फॉन्टच्या रूपाने, ज्याचे रेखाटन र. कृ. जोशी यांनी केले. आता ‘म’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये ‘म’च असतो. पानाच्या आरंभी मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेला आहे एवढे जाहीर करावे लागते. या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे ‘मराठी’ या शब्दातील तीन व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे मिळून पंधरा बाइट होतात, आणि ही घोषणा राहिली तर ब्राउझर त्या पंधरा बाइटांना पंधरा वेगळी अक्षरे समजून पुन्हा जुनीच निरर्थक रांग दाखवू शकतो. अक्षराची ओळख अशी फॉन्टपासून मोकळी झाली असली तरी परिच्छेदाची, मथळ्याची आणि भराची ओळख अजून पुष्कळ ठिकाणी दिसण्याशीच बांधलेली आहे, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्या गाठीविषयी आहे.

भर देण्याचा प्रश्न या प्रस्तावनेत प्रथम घ्यावा लागतो, कारण त्यात रोमन लिपीचे संकेत देवनागरीवर सर्वांत सहजपणे लादले जातात. एचटीएमएलमध्ये ‘बी’ व ‘स्ट्राँग’ ही एक जोडी आहे आणि ‘आय’ व ‘ईएम’ ही दुसरी. ‘बी’ आणि ‘स्ट्राँग’ दोन्ही ठळक दिसतात, परंतु ‘स्ट्राँग’ हा शब्द महत्त्वाचा आहे असे सांगतो, तर ‘बी’ केवळ लक्ष वेधतो. त्याचप्रमाणे ‘आय’ आणि ‘ईएम’ दोन्ही तिरपे दिसतात, परंतु ‘ईएम’ उच्चारातील भर सांगतो आणि ‘आय’ हा शास्त्रीय नाव, परभाषेतील शब्द किंवा मनातील विचार यांसारखा वेगळ्या सुराचा मजकूर दाखवतो. इंग्रजी पुस्तके येथे थांबतात. देवनागरीच्या बाबतीत पुढचा प्रश्न उरतो तो असा की, तिरपे अक्षर या लिपीचे आहे काय?

रोमन लिपीतील तिरपा टाइप हा भराभर लिहिण्याच्या हस्ताक्षरातून आलेला असून व्हेनिसच्या आल्डस मनुटियस याच्या मुद्रणालयाने १५०१ च्या सुमारास त्यात पुस्तके छापली. पुढे तो सरळ टाइपाचा सोबती म्हणून एकाच ओळीत वापरला जाऊ लागला. मराठीचे जलद हस्ताक्षर म्हणजे मोडी, आणि मोडी ही बाळबोधीची सोबतीण न होता स्वतंत्र लिपी म्हणून दफ्तरात नांदली. २०१४ मध्ये युनिकोडमध्येही तिला वेगळीच जागा मिळाली. म्हणून देवनागरीत तिरपे अक्षर परंपरेने आलेले नाही. ब्राउझर ते दाखवतो तेव्हा बहुधा सरळ अक्षरच यांत्रिकपणे कलते करतो, त्यामुळे काना आणि दंड झुकतात, शिरोरेषा मात्र आडवी राहते, आणि लहान आकारात मात्रा व रफार यांची गर्दी होऊन वाचन अडते. अधोरेखनही तितकेच अडचणीचे आहे, कारण उकार, ऋकार, हलन्ताची खूण आणि ‘ट्र’मधील रकार हे सारे अक्षराखालीच असतात व रेघ त्यांना छेदते, शिवाय संकेतस्थळावर अधोरेखित शब्द हा दुवा असतो अशी वाचकाची समजूत झालेली असते. अक्षरांतील अंतर वाढवून भर देणे हा युरोपातील काही भाषांचा मार्ग येथे शिरोरेषा तोडतो. उरतात ते ठळक टाइप आणि अवतरणचिन्हे, आणि मराठी मुद्रणाने दीर्घकाळ यांच्यावरच काम चालवले आहे.

त्याहून महत्त्वाचे असे की, मराठीला भरासाठी टायपोग्राफीची गरज इंग्रजीइतकी पडत नाही. इंग्रजी वाक्यात भर कोणत्या शब्दावर आहे हे तिरप्या अक्षराने दाखवावे लागते. मराठीत ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘तर’ ही अव्यये आणि शब्दांचा क्रम ते काम करतात. ‘त्यानेच पुस्तक आणले’ आणि ‘पुस्तकच आणले त्याने’ यांतील फरक सांगायला टॅग लागत नाही. म्हणून भाषांतरित मार्गदर्शिकांत जितक्या सढळपणे ‘ईएम’ वापरण्याचा सल्ला असतो तितका तो मराठीत वापरू नये, आणि जेथे वापरावा लागेल तेथे तो टॅग तसाच ठेवून त्याचे दृश्य रूप सीएसएसद्वारे तिरप्याऐवजी ठळक किंवा रंगीत करावे, असे मत येथे मांडले आहे. ‘आय’ला मराठी पानावर एक नेमके स्थान आहे : पळसाचे ब्युटिया मोनोस्पर्मा हे शास्त्रीय नाव मूळ रोमन लिपीत द्यायचे असेल तर ते तिरपेच असावे, कारण तो त्या लिपीचा आणि त्या शास्त्राचा संकेत आहे.

मथळ्यांचा विषय भरापेक्षा गंभीर आहे, आणि त्याचे कारण कोथरूडमध्येच समोर दिसते. या भागात मुलींची अंधशाळा आहे. अशा शाळांतून शिकून पुढे महाविद्यालयात आणि नोकरीत जाणाऱ्या दृष्टिहीन वाचकांना संकेतस्थळ वाचून दाखवण्याचे काम स्क्रीन रीडर नावाची प्रणाली करते. ती पडद्यावरचे चित्र पाहत नाही, मागचे टॅग वाचते. डोळस वाचक पानावर नजर टाकून मोठ्या अक्षरांवरून मथळे ओळखतो आणि हवा तो भाग गाठतो. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एक कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जातो, परंतु मथळ्याला ‘एच-२’ किंवा ‘एच-३’ असा टॅग असेल तरच ते शक्य होते. मथळा म्हणून एक ओळ ‘स्ट्राँग’मध्ये घालून मोठी केली असेल तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण त्या वाचकाला सबंध अहवाल आरंभापासून शेवटपर्यंत ऐकत बसावा लागतो. बहुतेक स्क्रीन रीडर ‘स्ट्राँग’ आणि ‘ईएम’ यांचा आपण होऊन उल्लेखही करत नाहीत. मथळा, यादी, यादीतील नोंदींची संख्या, उद्धरण आणि दुवा मात्र सांगतात. दुव्याच्या शब्दांबाबतही हेच लागू आहे. दुव्यांची यादी काढून ऐकणाऱ्याला ‘येथे क्लिक करा’ हे शब्द दहा वेळा ऐकू आले तर त्यातून काहीच कळत नाही, म्हणून ‘वाचनालयाच्या वेळा’, ‘२०२३ चा वार्षिक अहवाल’ असे अर्थपूर्ण शब्दच ‘ए’ टॅगात घ्यावेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहितीच्या सुगम्यतेला आधार दिला आहे, पण एखाद्या मंडळाच्या कार्यवाहाला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. त्याच्या हाती असलेल्या एका टॅगाने ते काम होते.

पानाची भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म, म्हणजे टॅगाच्या पोटात लिहिली जाणारी अधिक माहिती, याच कारणासाठी आवश्यक आहे, आणि तोच सर्वांत अधिक वेळा राहून जातो. मराठीसाठी त्याचे मूल्य ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’ आणि कोकणीसाठी ‘केओके’ असे आहे. देवनागरी अक्षरे पाहून मजकूर मराठी की हिंदी हे यंत्राला खात्रीने ठरवता येत नाही. भाषा सांगितली नाही तर मराठी लेख हिंदीच्या आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते, आणि मग ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’चे दोन उच्चार एकच होतात. डोळस वाचकासाठीही या गुणधर्माचा उपयोग आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ रोजी देवनागरी मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढले, आणि मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची हिंदीहून वेगळी वळणे हा या प्रश्नातील एक परिचित मुद्दा आहे. युनिकोडमध्ये त्या अक्षरांना दोन्ही भाषांत एकच क्रमांक असल्यामुळे फरक फॉन्टमध्ये साठवावा लागतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याचे कळले तरच मराठी वळण पुढे येते. संकेतस्थळावर आपली अक्षरे हिंदी वळणाची दिसतात ही तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे निवारण पुष्कळदा या एका गुणधर्मात असते.

काव्य हा मराठी संकेतस्थळांवरील फार मोठा विषय, आणि तेथे ‘पी’ व ‘बीआर’ यांची सर्वाधिक सरमिसळ होते. ओवी किंवा अभंगाचे एक कडवे हा अर्थाचा एक घटक असल्यामुळे त्याला एक ‘पी’ द्यावा आणि त्यातील चरण ‘बीआर’ने तोडावेत, प्रत्येक चरणाला स्वतंत्र ‘पी’ दिला तर कडव्याची एकता नाहीशी होते, आणि दोन कडव्यांतील अंतर दाखवण्यासाठी एकापुढे एक दोन-तीन ‘बीआर’ ठेवले तर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ते अंतर वेडेवाकडे होते. मराठी शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागून लांब होत असल्यामुळे अरुंद पडद्यावर चरण मध्येच मोडतो. मोडलेला चरण आणि नवा चरण यांतील फरक कळावा म्हणून पुढची ओळ किंचित आत घेण्याची सोय सीएसएसमध्ये आहे, टॅगांत नाही. गद्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह याच कारणाने टाळावा : लांब शब्दांमुळे ओळीतील मोकळ्या जागा फुगतात आणि परिच्छेदात पांढरे ओघळ दिसू लागतात.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांना एका मर्यादेची आधीच कल्पना द्यायला हवी. अंकलिपीसारख्या पानावर ‘कि’मधली वेलांटी किंवा ‘कू’मधला उकार वेगळ्या रंगात दाखवावा असे शिक्षकाला साहजिकच वाटते, आणि तो व्यंजन व स्वरचिन्ह यांच्यामध्ये टॅग घालतो. परंतु देवनागरीतील अक्षर, म्हणजे व्यंजन आणि त्याला लागलेली चिन्हे, ब्राउझर एक अखंड घटक म्हणून रेखाटतो. मध्ये टॅग आला की काही ब्राउझरांत तो घटक तुटतो आणि स्वरचिन्ह सुटून टिंबांच्या एका वर्तुळावर जाऊन बसते. ऱ्हस्व वेलांटी तर दिसते व्यंजनाच्या आधी आणि साठवली जाते व्यंजनानंतर, त्यामुळे तेथे गोंधळ अधिक होतो. जोडाक्षरांनाही हे लागू आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील फरक दाखवण्यासाठी टॅगाचा उपयोग नाही. तो फरक अक्षरांच्या क्रमांकांतच साठवावा लागतो, आणि त्यासाठी ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे. टॅग नेहमी पूर्ण अक्षराभोवती, शक्य तर पूर्ण शब्दाभोवती घालावा, हा नियम त्यामुळे इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही, पण मराठीच्या पुस्तकात तो पहिल्या पानावर असायला हवा.

याद्यांच्या बाबतीत मराठी लेखकाची गैरसोय अजून पुरती दूर झालेली नाही. ‘ओएल’ या टॅगाला क्रमांकांचे पाच प्रकार माहीत आहेत : साधे अंक, रोमन लिपीतील लहान अक्षरे, मोठी अक्षरे आणि लहान-मोठे रोमन अंक. देवनागरी अंकांसाठी सीएसएसमध्ये तयार सोय आहे. परंतु ‘क, ख, ग’ किंवा शासकीय पत्रव्यवहारातील ‘अ, आ, इ’ असा क्रम हवा असेल तर तो लेखकाला सीएसएसमध्ये स्वतः लिहून द्यावा लागतो. पुष्कळजण कंटाळून ‘ओएल’ सोडतात व प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी हाताने ‘(क)’ लिहितात, आणि मग मध्ये एक नोंद वाढली की पुढचे सगळे क्रम हाताने बदलत बसतात. स्क्रीन रीडरला तर ती यादी असल्याचेही कळत नाही. ‘क, ख, ग’ आणि ‘अ, आ, इ’ या दोन्ही क्रमांची तयार व्याख्या म्हणूनच याद्यांच्या प्रकरणात पूर्ण दिली आहे आणि ती जशीच्या तशी उतरवून घेता येईल.

तक्ते, चित्रे, माहिती भरून घेण्याचे अर्ज आणि सीएसएसचे सविस्तर विवेचन पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, कारण त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र ग्रंथाची जागा लागेल. प्रकरणांचा क्रमही प्रचलित पद्धतीहून वेगळा आहे. ठळक आणि तिरप्या अक्षरांपासून सुरुवात न करता प्रथम परिच्छेद, मग मथळे, याद्या, उद्धरण, दुवे आणि भाषेचा गुणधर्म असा क्रम घेतला असून भराच्या टॅगांना शेवटचे प्रकरण दिले आहे. वाचकाने आपल्याजवळचा एखादा तयार मराठी लेख किंवा अहवाल समोर ठेवून, प्रत्येक प्रकरण संपताच त्यातील तेवढेच टॅग त्या मजकुराला घालत जावेत, अशी योजना आहे.